माझ्या आधी पोहोचलेली मी

असे अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर वाचताना मनातल्या मनात दुरुस्त्या करते. 'दार आपोआप उघडलं' — बिजागरी सैल असेल. 'कुणीतरी नावानं हाक मारली' — शेजारचा टीव्ही. खराडीतल्या एका कंपनीत मी ॲडमिन सांभाळते. लिफ्ट अडकली, एसीतून पाणी गळलं, कुणाचं कार्ड हरवलं की फोन माझा वाजतो. 'कारण सापडत नाही म्हणजे नीट शोधलं नाही' हे माझं वाक्य हाताखालच्या मुलांना पाठ आहे, ती माझ्या मागे त्याची नक्कलही करतात.

तेव्हा मी आज हे लिहायला बसले आहे ते नीट शोधून झाल्यावर, एवढं लक्षात घ्या.

माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या आई, सदाशिव पेठेत आमच्याबरोबर राहतात. पंचाहत्तरी ओलांडली आहे. माहेर लोणी काळभोरचं, शेतीवाल्यांचं. माहेरचं नाव चंपा, लग्नात विजया झालं. दरवर्षी भाऊबीजेला त्या मोठ्या भावाकडे लोणीला जातात आणि चार दिवस राहतात. गेल्या वर्षीही गेल्या. आणि सडा घातलेल्या ओल्या फरशीवरून पाय घसरून पडल्या. खुबा मोडला.

मामांचा, म्हणजे आईंच्या भावाचा, फोन आला तेव्हा मी ऑफिसात होते. नवरा कामासाठी हैदराबादला. मी गाडी काढली आणि लोणी गाठली. गाडीच्या डिकीत एक निळा फोल्डर कायम असतो — घरातल्या प्रत्येकाचं एक पान. रक्तगट, औषधं, जुन्या तपासण्या, विम्याचा नंबर. नवरा त्याला 'माधवीचं पंचांग' म्हणतो. म्हणू दे. आईंच्या पानावर सगळं होतं. ॲलर्जीच्या समोर लिहिलेलं होतं : नाही.

लोणीतलं हॉस्पिटल छोटं, पण माणसं भली. डॉक्टरांनी एक्स-रे काढून ठेवला होता, दुखणं कमी व्हायला इंजेक्शन दिलं होतं. त्याची गुंगी आईंना आली होती. ऑपरेशन पुण्यातच करा, म्हणाले. चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी मामांना विचारलं, "आजींना कधी कुठल्या औषधाचा त्रास झालाय का?"

मामा खाटेच्या पायाशी उभे होते. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टोपी काढून हातात घेतली.

"न्हाई, न्हाई. ठणठणीत हाय ती. लहानपणापासनं."

मी फोल्डरातलं पान पुढे केलं. "डॉक्टर, यातही नाहीच आहे." डॉक्टरांनी लिहिलं — काही नाही. एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात माहिती अशी जाते. दोन माणसांनी दुजोरा दिला, कागद तयार झाला. मी त्याचा फोटो काढून ठेवला आणि माझ्या दृष्टीनं तो विषय संपला.

पुण्यातल्या हॉस्पिटलला मी तिथूनच फोन केला. पेशंटचं नाव, वय, खुबा, बेड आहे का — एवढंच. आहे म्हणाले. माझी गाडी मामांच्या अंगणात ठेवली आणि ॲम्ब्युलन्समध्ये आईंच्या उशाशी बसले. ड्रायव्हर आणि त्याच्या मदतीचा माणूस पुढे. मागे आम्ही दोघीच.

इथून पुढचं मला घटनांच्या क्रमानं सांगता येतं, पण ते क्रमानं घडलं असं वाटत नाही.

दुपार होती. कार्तिकातलं ऊन, ना कडक ना मऊ. ॲम्ब्युलन्सच्या काचांना हिरवी फिल्म लावलेली होती, त्यामुळे आतला उजेड विहिरीत उतरल्यावर असतो तसा. सलाईनची बाटली हळूहळू झुलत होती. मांजरी फाट्याच्या अलीकडे ट्रॅफिक तुंबलं. ड्रायव्हरनं थोडा वेळ सायरन वाजवला, मग तोही कंटाळला. आईंचा हात माझ्या हातात होता. पन्नासएक वर्षं पेठेत राहून त्यांची भाषा अगदी शुद्ध झाली होती, पण त्या दिवशी गुंगीत त्या पुटपुटत होत्या ते लोणीचं. "लई ऊन हाय... पाटाला पानी सोडलंय..."

"हो, आई," मी म्हणत होते. "पडून रहा."

मग मी उसाच्या बांधावरून चालत होते.

झोप लागली असं म्हणा. मीही तसंच म्हणते. पण झोप लागते तेव्हा मधे एक अंधार असतो ना? तो नव्हता. हिरवा उजेड तसाच होता, फक्त तो आता उसातून येत होता. डाव्या हाताला पाट वाहत होता. माझ्या पुढे परकर-पोलक्यातली एक मुलगी चालत होती. पाठ माझ्याकडे. ती बोलत होती — सलग, न थांबता, धडा म्हणून दाखवल्यासारखं. आणि मला कळत होतं की हे सगळं लिहून घ्यायला हवं, पण माझे हात मोकळे होते. पर्स नाही, पेन नाही, फोन नाही. इतके मोकळे हात मला कॉलेजनंतर आठवत नाहीत. गंमत म्हणजे भीती वाटली नाही. मी तिच्यामागून तिचंच बोलणं स्वतःशी घोकत चालले होते. बांध एका जागी फुटला होता, तिथून पाण्यात उतरावं लागलं. पाणी घोट्यापर्यंत, कोमट.

"सांगशील ना?" तिनं मागे न वळता विचारलं.

"सांगते."

"आधी जाऊन सांग."

"बरं," मी म्हणाले, आणि तिला ओलांडून पुढे गेले.

"मॅडम... ओ मॅडम, आलं हॉस्पिटल." ड्रायव्हर मागचं दार उघडून उभा होता. माझं डोकं स्ट्रेचरच्या कडेला टेकलेलं होतं आणि गालावर त्या रॉडचा वळ उठला होता. मुलगी काय बोलत होती त्यातला एक शब्द आठवेना. स्वप्नांचं असंच असतं. मी फोल्डर उचलला आणि कामाला लागले.

कॅज्युअल्टीत शिरलो. आईंना पलंगावर घेतलं. एक सिस्टर आल्या — चाळिशीच्या, कपाळावर आठी कायमची. त्यांनी काही न विचारता आईंच्या मनगटावर आधी नावाची पांढरी पट्टी लावली आणि मग खिशातून काढून एक लाल पट्टी लावली.

"ही कसली?" मी विचारलं.

"ॲलर्जीची."

"कुणाच्या ॲलर्जीची?"

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. "पेशंट कोण आहे? माझी तर नसेल ना?"

"अहो, पण यांना कसलीही ॲलर्जी नाही. हे बघा, लोणीच्या डॉक्टरांची चिठ्ठी. हे आमचं पान."

"मॅडम," सिस्टर म्हणाल्या, "तुम्हीच सांगून गेलात ना मघाशी?"

मला वाटलं, यांचा दिवसाचा गोंधळ झालाय. कॅज्युअल्टीत शंभर बायका येतात. मी शांतपणे सांगितलं की मी आत्ता, या पेशंटबरोबर, या दारातून आले. तेवढ्यात तिथली तरुण डॉक्टर आली, आमच्या मुलीच्या वयाची, केसांचा अंबाडा पेन खोचून घातलेला. मला बघून ओळखीचं हसली.

"आल्या का सासूबाई? चला, बरं झालं. तुम्ही म्हणालात तसं सगळ्यांना सांगून ठेवलंय मी. ऑपरेशन थिएटरमध्येही कळवलंय."

"काय कळवलंय?"

तिचं हसू जरा थांबलं. "पेनिसिलिनचं. म्हणजे तुम्हाला नाव माहीत नव्हतं, पण वर्णनावरून तेच असणार. आम्ही ऑपरेशनच्या आधी देतो ते अँटिबायोटिक त्याच्याच नात्यातलं असतं, म्हणून बदलून घेतलं. बारा वर्षांच्या असताना घसा सुजून श्वास कोंडला होता — मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना? बसा."

मी बसले नाही. मी फोल्डर उघडून पान तिच्यासमोर धरलं. "इथे 'नाही' लिहिलंय. हे मी लिहिलंय. माझ्या पानात चूक नसते."

ती पान वाचत राहिली. मग सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाल्या, "मघाशी फोल्डर नव्हता हातात. मोकळ्या हातांनी आल्या होत्या. पण ह्याच होत्या. हाच ड्रेस. पाय ओले होते, सगळ्या फरशीवर ठसे. मावशींना मी पुसायला लावलं."

मी खाली बघितलं. माझे बूट कोरडे होते. लोणीच्या अंगणातली लाल धूळसुद्धा होती त्यांच्यावर.

"मग काय करू?" डॉक्टर म्हणाली. आवाज सौम्य होता, पण ती खरंच विचारत होती. "मॅडम, मघाशी तुम्ही एक सांगितलंत, आता कागद दुसरं सांगतोय, आणि आजींना विचारावं तर त्या गुंगीत आहेत. तुम्ही नातेवाईक आहात. ॲलर्जी नाही म्हणत असाल तर नेहमीचं इंजेक्शन देता येईल, ते जास्त चांगलं चालतं. काढू का पट्टी?"

माझा स्वभाव बघता मी 'काढा' म्हणायला हवं होतं. शब्द ओठांवर होता. दोन कागद माझ्या बाजूनं होते, आणि विरुद्ध बाजूला फक्त दोन थकलेल्या बायकांची आठवण. त्या पलंगावर आई शांत झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं. मी काय म्हणेन त्यावर पुढच्या काही तासांत त्यांच्या शिरेत काय जाणार ते ठरणार होतं.

"मी... तिनं वर्णन काय केलं होतं? औषधाचं?" मी विचारलं.

"पांढरी भुकटी," डॉक्टर म्हणाली. "'पांढरी भुकटी पाण्यात कालवून टोचतात ती सुई.' मला गंमत वाटली म्हणून लक्षात राहिलं. असं आता कुणी बोलत नाही ना."

मीही बोलत नाही. पण ते शब्द मी ऐकले होते. माझ्या तोंडात त्यांची चव होती — घोकून घोकून येते तशी.

"पट्टी राहू दे," मी म्हणाले. "एक फोन करते."

बाहेर व्हरांड्यात आले. मामांनी लगेच उचलला. "पोचला का गं सूनबाई?"

"पोचलो. मामा, एक विचारते. आई लहान असताना त्यांना कुणी सुई टोचली होती का? पांढऱ्या भुकटीची?"

फोनमधून फक्त त्यांच्या गोठ्यातला आवाज येत राहिला. एखादी म्हैस असेल. मग मामा म्हणाले, "तुला कुनी सांगितलं?"

"झाली होती का, ते सांगा आधी."

"झाली व्हती," मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फाटला. "ताप व्हता तिला. गावात डाक्टर यायचा सायकलवर, त्यानं टोचली. चंपीचं तोंड असं सुजलं... जीभ आत मावंना. आप्पांनी उचलून पळत नेली बांधावरनं, पाटातनं. वाचली म्हनून वाचली. डाक्टर म्हनला, ही सुई पुन्हा दिली तर पोर जाईल."

"मग मामा, आत्ता सकाळी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा..."

"तू हुबी व्हतीस ना तिथं!" मामा रडायलाच लागले. "सोयऱ्यांपुढं कसं सांगू? लग्नाच्या वक्ताला आप्पांनी शपथ घातली व्हती समद्यांना. पुण्याचं स्थळ, शिकलेली मानसं. पोरीत खोट हाय म्हनले असते. चंपीनं पन कधी तोंडातनं काढलं न्हाई. बाळंतपनं हितंच केली आमी. मला वाटलं, आता म्हातारपनी कशाला तिची लाज काढू... सूनबाई, वाचंल का गं ती?"

"वाचतील," मी म्हणाले. "तुम्ही पाणी प्या आधी."

फोन ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिले. आई सुईला घाबरतात हा आमच्या घरातला जुना विनोद. "मला गोळी द्या, सुई नको" — डॉक्टर बदलले, दवाखाने बदलले, हे वाक्य बदललं नाही. आम्ही सगळे हसायचो. त्याही आमच्याबरोबर हसायच्या.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी झालं. दुसऱ्या जातीचं अँटिबायोटिक देऊन झालं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी लाल पट्टी दोनदा बघितली, मला दोनदा विचारलं, आणि मी दोन्ही वेळा 'हो' म्हणाले. सगळं नीट पार पडलं.

त्यानंतर मी शोधलं. शोधणार नाही तर काय. ड्रायव्हरला फोन केला — मी मधे कुठे उतरले होते का? "उतरल्या? मॅडम, फाट्यापासून गेटपर्यंत तुम्ही घोरत होतात, माफ करा हां." माझ्या फोनमध्ये हॉस्पिटलला केलेला एकच कॉल, बेडचा. सीसीटीव्ही मागितला. सिक्युरिटीवाले गृहस्थ निवृत्त फौजी होते. म्हणाले, "कॅज्युअल्टीचा कॅमेरा मेडिकलच्या दुकानाकडे वळलाय, बाई. औषधं चोरीला जातात, पेशंट कुणी चोरत नाही." तरी मी त्यांना फुटेज बघायला लावलं. दुकानासमोरची फरशी दिसते. दुपारी एका बाजूनं तिच्यावर ओले ठसे येतात. चालणारी व्यक्ती चौकटीबाहेर आहे. मग मावशी येतात आणि पुसतात.

दुसऱ्या कुणाच्या सुनेनं येऊन सांगितलं असेल? असंही धरून बघितलं. पण ती बाई डॉक्टरला म्हणाली होती, 'लोणीहून येतायत, विजया नाव, माहेरच्या चंपा.' आणि ही गोष्ट या जगात दोनच जिवंत माणसांना माहीत होती. एक लोणीत म्हशीपाशी बसलेला, दुसरी माझ्या हातात हात देऊन झोपलेली.

आई पूर्ण शुद्धीवर यायला दोन दिवस लागले. वॉर्डात खिडकीजवळचा बेड होता. संध्याकाळचं ऊन पांढऱ्या चादरीवर पसरलेलं, कुणाच्या तरी रेडिओवर काहीतरी मंद चाललेलं. त्या कितीतरी वेळ त्या लाल पट्टीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मामानं सांगितलं?"

"नाही," मी म्हणाले. "आधी कळलं होतं."

"अगं, पण मी तर कुणालाच नाही बोलले गं." त्यांनी पट्टीवरून बोट फिरवलं. "फक्त त्या गाडीत... मला वाटलं, तू माझ्या मागे चालतेयस. मी बोलतेय आणि तू नुसती ऐकतेयस. तू इतकं ऐकून घेत नाहीस कधी, म्हणून म्हटलं हे स्वप्नच."

मला हसू आलं.

"माधवी," त्या हळूच म्हणाल्या, "यांना नाही ना कळलं?"

आमचे सासरे जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. औषधांची धुंदी पूर्ण उतरली नव्हती, किंवा उतरली होती आणि तरीही त्यांना विचारायचंच होतं. मी त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "नाही, आई. आणि कळलं असतं तरी ते काही बोलले नसते."

"काय सांगावं," आई म्हणाल्या. "माणसं शिकलेली होती."

महिन्याभरानं फिजिओथेरपीसाठी एका सेंटरला जायला लागलो. नवी जागा, नवा काउंटर, पुन्हा पहिल्यापासून सगळी माहिती. आई वॉकर धरून उभ्या. काउंटरवरच्या मुलीनं स्क्रीनवरून नजर न उचलता विचारलं, "एनी ॲलर्जीज?" मी तोंड उघडलं. आईंनी वॉकरवरचा एक हात काढून माझ्या दंडावर ठेवला.

"थांब. माझं मी सांगते."

आणि त्यांनी सांगितलं. ताप कसा आला, सायकलवरचा डॉक्टर, पांढरी भुकटी, आप्पांच्या खांद्यावरून उलटं दिसलेलं आभाळ, पाटाचं पाणी, लग्न, शपथ. खणखणीत आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं. त्या मुलीला स्क्रीनवर फक्त 'हो' किंवा 'नाही' दाबायचं होतं. तिचं बोट तसंच हवेत राहिलं. आमच्यामागे सात-आठ जणांची रांग होती — गुडघेवाले, मानवाले, एक गृहस्थ तर मगाशी पंखा कुणी बंद केला यावरून भांडत होते. त्यातला एकही जण 'आजी, आवरा' म्हणाला नाही.

पुण्यात. दुपारी, जेवणाच्या वेळेला.

त्या ओल्या पायांची बाई कोण होती, याचं कारण मला सापडलेलं नाही. आणि खरं सांगते, या रांगेचंही नाही.